माल्मोचा दस्तरखान: मांस नाही, मासा नाही, मधही नाही

निघायला आठ दिवस राहिले होते. कोकमं बांधून झाली होती, तांदळाचं पीठ दुहेरी पिशवीत भरलं होतं आणि सुक्या सोड्यांचा वास कपड्यांना लागू नये म्हणून त्यांना एकात एक तीन पिशव्या घातल्या होत्या. तेवढ्यात माल्मोहून भाचीचा मेसेज आला. "खाला, सोडे अब्बूंसाठी आणा. मी खाणार नाही. मी वीगन झालेय. नानीला तुम्हीच सांगा ना, प्लीज."

मांस नाही, मासा नाही, अंडं नाही, हे आपल्याला समजतं. आपल्या शेजारीपाजारी असे कितीतरी लोक असतात. पण वीगन माणूस त्याच्याही पुढे जातो. दूध, दही, तूप, लोणी, पनीर नाही. मधही नाही, कारण तो मधमाशीचा. आम्ही अम्मींना हे सगळं सांगितलं तेव्हा त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी एकच विचारलं, "कुणी तिला काही सांगितलं का?"

या प्रश्नाचा अर्थ आपल्या वाचकांना उलगडून सांगायला नको. आपल्या देशात ताटात काय आहे यावरून माणसाची परीक्षा होते. भाड्याने घर मिळणं त्यावर ठरतं, शाळेच्या डब्यावरून मुलांना बोललं जातं. अशा ठिकाणी आयुष्य काढलेल्या सत्तरी ओलांडलेल्या बाईला आपली नात मांस सोडतेय म्हणजे ती आपल्यापासून तुटतेय, असंच वाटणार. बहिणीशी फोनवर बोललो तेव्हा कळलं की तिकडेही काही ठीक नव्हतं. बाप-लेक दोन महिन्यांपासून एकत्र जेवायला बसत नव्हते. मेहुणे म्हणत, अल्लाहने जे हलाल केलं त्याला नाक मुरडायचं नाही. मुलगी आपली थाळी घेऊन खोलीत जाई.

आम्ही दोघा नवरा-बायकोंनी विमानात बसण्याआधीच ठरवलं. जितके दिवस तिथे राहू तितके दिवस तिच्या ताटातलं खायचं. समजावणं, उपदेश, काही नाही. आम्ही दोघेही शाळेत शिकवतो. पंधरा वर्षांच्या मुलांना उपदेश किती पोचतो ते आम्हांला पक्कं माहीत आहे. अम्मींना मात्र सूट होती.

अम्मींनी बॅगेत शेवटच्या क्षणी एक बरणी घातली. महाबळेश्वरचा मध. भाची लहानपणी मुंबईला आली की चपातीला मध लावून खायची, हे त्यांच्या लक्षात होतं. आम्ही सांगायला तोंड उघडलं आणि मिटून घेतलं.

पूल ओलांडून

२०२५चा मे महिना, शाळेला सुटी. मुंबईहून दोहामार्गे कोपनहेगन. इथे एक कामाची गोष्ट. विमानाचं तिकीट काढताना जेवण निवडता येतं. मुस्लिम जेवण आणि वीगन जेवण हे वेगवेगळे पर्याय असतात आणि दोन्ही आधी नोंदवावे लागतात. आम्ही सवय व्हावी म्हणून वीगन मागितलं. राजमा, भात, फळं आली. शेजारी अम्मींची चिकन बिर्याणी होती, तिचा वास अजून आठवतो.

दुसरी कामाची गोष्ट. युरोपीय संघातल्या देशांत बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत. म्हणजे खव्याची मिठाई, घरचं तूप, काही नाही. सुकी मासळी चालते, मधही माणशी दोन किलोपर्यंत चालतो. अम्मींचं तूप घरी राहिलं आणि मध पोचला.

माल्मो हे स्वीडनच्या अगदी दक्षिण टोकाचं बंदर. लोकसंख्येने स्टॉकहोम आणि गोथेनबर्ग यांच्यानंतर तिसरं. समोर समुद्राची अरुंद पट्टी आणि पलीकडे डेन्मार्क. २००० साली या पट्टीवर पूल झाला. पूल म्हणजे नुसता पूल नाही. डेन्मार्कच्या बाजूने आधी बोगदा, मग माणसाने तयार केलेलं एक बेट आणि मग जवळजवळ आठ किलोमीटरचा पूल. वर रस्ता, खाली रेल्वे. कोपनहेगनच्या विमानतळाखालीच गाडीत बसलो आणि अर्ध्या तासाच्या आत दुसऱ्या देशात उतरलो. शहराबाहेर शेतं पिवळीधमक दिसत होती. अम्मी म्हणाल्या, मोहरी. मोहरीच्या जवळचंच ते पीक, त्यांचं रॅपसीड. तिथे घरोघरी याच तेलात स्वयंपाक होतो, आणि वीगन माणसाला ते सोयीचं पडतं.

माल्मोत एकेकाळी मोठी जहाजबांधणी होती. ती बंद पडली आणि तिथली अवाढव्य क्रेन २००२ साली दक्षिण कोरियाने नेली. आज त्याच किनाऱ्यावर पीळ दिल्यासारखा दिसणारा एकशे नव्वद मीटर उंच मनोरा उभा आहे. मेहुण्यांनी तो आम्हांला पहिल्याच दिवशी दाखवला. खरं सांगायचं तर आमचं लक्ष जेवायला कुठे बसायचं याकडे होतं.

मासेवाल्यांच्या खोपट्यांपाशी

परदेशात मुसलमानाला जेवणाची पहिली काळजी मांसाची. स्वीडनमध्ये १९३०च्या दशकाच्या अखेरीपासून जनावराला आधी बेशुद्ध केल्याशिवाय कापायला कायद्याने मनाई आहे. तेव्हा तिथल्या हलालच्या पाटीबद्दलही दोन मतं असतात. बेशुद्ध केलेलं जनावर जिवंत असेल तर काही आलिम ते जायज मानतात, काही मानत नाहीत. आयात केलेल्या मांसाची दुकानं आहेत आणि मेहुण्यांचं एक विश्वासाचं दुकान ठरलेलं आहे. बाहेर जेवायचं तर बहुतेक मुसलमान दोनच वाटा धरतात, एक तर मासे आणि नाहीतर शाकाहार.

आम्ही रत्नागिरीकडचे. आमच्यासाठी माशाची वाट म्हणजे वाट नव्हेच, ते घर. माल्मोच्या जुन्या किल्ल्याजवळ पाण्याकाठी लाकडी खोपट्यांची एक ओळ आहे, तिथे कोळी ताजे मासे विकतात. अम्मींना तिथे नेलं आणि त्यांचा चेहरा बदलला. मिरकरवाड्याचा गलका तिथे नाही, लिलाव नाही, चिखल नाही, पण वास तोच. त्यांनी न विचारता एक बांगड्यासारखा मासा उचलला, कल्ला उघडून बघितला, पोट दाबलं. विक्रेता आधी चकित झाला आणि मग हसून दुसरा, त्याहून ताजा काढून देऊ लागला. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, माशाची येत होती.

भाची थोडी दूर उभी होती. आम्ही तिच्याजवळ गेलो. "मासा तर हलालच, जबीहाचाही प्रश्न नाही. मग का नाही?" असं आमच्यापैकी एकाच्या तोंडून गेलंच. ठरवलेलं पहिल्या चार दिवसांत मोडलं. ती म्हणाली, "खाला, माझा प्रश्न हलालचा नाहीये. बाल्टिकमध्ये कॉड इतका संपला की पूर्व भागात २०१९ पासून तो मुद्दाम धरायला बंदी आहे. शाळेत शिकवलं आम्हांला." आम्हांला आपल्या किनाऱ्यावरचे एलईडी दिव्यांचे आणि पर्ससीन जाळ्यांचे तंटे आठवले. पारंपरिक मच्छीमार कित्येक वर्षं हेच ओरडून सांगतो आहे. त्याचं ऐकताना आम्ही माना डोलावतो आणि घरी येऊन सुरमईचा भाव विचारतो.

संध्याकाळी अम्मींनी मासा तळला. भाचीने खिडकी उघडली आणि येऊन नानीजवळच बसली. एवढंच. मेहुण्यांनी ते पाहिलं, बोलले काही नाहीत.

फलाफल आणि ओटचा चहा

माल्मोत वीगन माणूस उपाशी राहत नाही, आणि याचं बरंच श्रेय आपल्याच लोकांना आहे. म्हणजे इराक, लेबनॉन, सीरिया, पॅलेस्टाईनमधून आलेल्यांना. शहरातल्या दर तीन माणसांतला साधारण एक जण स्वीडनबाहेर जन्मलेला. मोलेवांगेन नावाच्या वस्तीत एक चौक आहे, मध्ये कामगारांचा पुतळा, प्रचंड दगड खांद्यांवर तोलणाऱ्या माणसांचा. भोवती भाजीबाजार भरतो. कोथिंबिरीच्या जुड्या, भेंडी, वांगी, खजूर. भाव करणाऱ्यांचा आवाज अरबीत. आणि आजूबाजूला फलाफलची दुकानं. स्वीडनमध्ये माल्मोचं नाव काढलं की लोक फलाफलचं नाव काढतात, इतकी ती त्या शहराची झाली आहे.

फलाफल म्हणजे भिजवलेले हरभरे न शिजवता वाटायचे, त्यात लसूण, कांदा, कोथिंबीर, जिरं घालायचं आणि गोळे तळायचे. अम्मींनी एक खाऊन निकाल दिला, "डाळवडाच की!" अगदी. पातळ पोळीत गुंडाळून, काकडी-टोमॅटो, खारवलेला गुलाबी सलगम आणि वर चटणी. त्या महागड्या देशात पोट भरणारं एवढं स्वस्त जेवण आम्हांला दुसरं दिसलं नाही. हलालची काळजी नाही, भाचीची काळजी नाही. फक्त चटणी बघून घ्यायची. पांढरी लसणाची चटणी दही किंवा अंड्याच्या मेयोनेजची असते, तिळाची असेल ती चालते. आणि त्याच कढईत चीज तळतात का, तेही भाची विचारून घेई. दुकानदार न कंटाळता उत्तर देत. एकाने तिला "या बिंती" म्हणून हाक मारली आणि दोन वडे जास्त घातले.

दूध नसलेला चहा ही मात्र आमच्यासाठी खरी परीक्षा होती. माल्मोशेजारच्या लुंड शहरातल्या विद्यापीठात १९९०च्या दशकात ज्यांना दूध पचत नाही अशा लोकांसाठी ओटपासून एक पेय तयार करण्यात आलं. ओटमधला स्टार्च एन्झाइमने फोडला की त्याची साखर होते, म्हणून ते साखर न घालता गोडसर लागतं. ते विकणारी ओटली कंपनी आज जगभर माहीत आहे आणि तिचं मुख्यालय माल्मोतच आहे. डब्यावर मात्र दूध म्हणता येत नाही, युरोपच्या कायद्याने दूध हा शब्द जनावराच्या दुधासाठी राखून ठेवला आहे. ओटचं पेय असंच लिहावं लागतं. मेहुण्यांना हा कायदा फार आवडतो.

अम्मींनी पहिल्या दिवशी ते आपल्या पद्धतीने पातेल्यात पत्ती-आल्याबरोबर खळाखळा उकळलं. झाली पेज. चमच्याने खावा लागेल असा चहा. भाची हसून लोळली. मग तिने शिकवलं, चहा कोरा करायचा, गाळायचा आणि ओट वरून घालायचं, उकळायचं नाही. वेलची घातली की बरा लागतो. वेलचीची तिथे वाण नाही. स्वीडनचे लोक पावात वेलची घालतात, हे आम्हांला माहीत नव्हतं. गोड पावाची गाठ वळून वर वेलचीची भरड पेरतात. बेकरीवरून जाताना घरातल्या खिरीचा वास येतो. नेहमीच्या पावात लोणी असतं, पण बऱ्याच ठिकाणी वीगनही मिळतो, विचारावं लागतं.

आणि राईचा कडक पाव, क्नेकेब्रोद. पीठ, पाणी, मीठ. दोन दिवसांच्या वाळलेल्या भाकरीसारखा कडकडीत. अम्मींना तो इतका आवडला की त्या ठेच्याबरोबर रोज खाऊ लागल्या. ठेचा अर्थात आम्ही नेलेला.

लेबल वाचणारी मुलगी

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला घेतलं ती.

आमचा असा समज झाला होता की वीगन लिहिलेलं असलं की आपल्याला डोळे मिटून चालेल. डुक्कर नाही, जिलेटिन नाही, चरबी नाही, मग राहिलं काय? एका गुरुवारी दुपारी उपाहारगृहात पिवळ्या वाटाण्याचं दाट सूप दिसलं. आपली वाटाण्याची आमटीच. गुरुवारी हे सूप खायची तिथे जुनी रीत आहे. आम्ही वाडगा उचलणार तोच भाचीने हात धरला. त्यात डुकराचं मांस असतं. पाटीवर वीगन लिहिलेलं नव्हतं, ही चूक आमची. गोळ्या-चॉकलेटांतही तसंच. तिथली मुलं शनिवारी सुटी मिठाई तोलून घेतात आणि तिच्यात बहुधा डुकराचं जिलेटिन असतं. बिनजिलेटिनचीही भरपूर मिळते. हे सगळं वाचून घ्यायचं असतं. दूध, अंडी, मासा अशी ॲलर्जी होणारी नावं युरोपात लेबलवर ठळक छापावी लागतात. फोनचा कॅमेरा लेबलवर धरला की भाषांतर दिसतं. वयस्कर माणसांनाही जमतं.

पण त्यानंतर चारच दिवसांनी एका कॅफेत काचेमागे हिरव्या रंगाच्या नळीसारख्या वड्या होत्या, दोन्ही टोकं चॉकलेटमध्ये बुडवलेली. वर बदामाचा लगदा. तिथले लोक तिला गमतीने व्हॅक्यूम क्लीनर म्हणतात. खाली लिहिलं होतं, वीगन. आम्ही आनंदाने चार मागितल्या. अम्मीही खूश, शेवटी काहीतरी मिठाईसारखं. भाची पैसे द्यायला पुढे झाली होती. तिने विक्रेत्या मुलीला काहीतरी विचारलं, उत्तर ऐकलं आणि ताटली परत केली.

"नानी, नको. यात पुन्श आहे. दारू असते ती, अरकची." दूध-अंडं काही नसल्यामुळे तिच्या नव्या नियमात ती वडी बसत होती. तिच्या जुन्या नियमात बसत नव्हती. तिने दोन्ही विचारले होते. अरक हा शब्द अम्मींना कळला, तो आपल्याकडेही आहे.

आम्ही कोरी कॉफी घेऊन बाहेर बाकावर बसलो. समुद्रावरून वारा येत होता. अम्मी बराच वेळ नातीकडे बघत होत्या. नंतर त्यांनी तिच्या डोक्यावरची ओढणी सारखी करायचं निमित्त केलं. ती वाऱ्याने मुळीच सरकलेली नव्हती.

त्या रात्री बहिणीने आम्हांला एक गोष्ट सांगितली. मेहुण्यांनी महिन्यापूर्वी एका आलिमांना फोन करून विचारलं होतं, मुलगी मांस खात नाही, हे चालतं का? त्यांनी विचारलं, ती त्याला हराम म्हणते का? नाही म्हणत. दुसऱ्यांना खाऊ देते का? देते. मग त्यांनी घोरपडीसारख्या त्या वाळवंटी प्राण्याची, दब्बची हदीस सांगितली. दस्तरखानावर तो भाजून आला होता. प्रेषितांनी (स.) हात मागे घेतला. हराम आहे का, असं विचारल्यावर नाही म्हणाले, माझ्या लोकांच्या मुलखात तो नसतो, मला रुचत नाही. आणि त्यांच्यासमोरच हजरत खालिद बिन वलीद (रजि.) यांनी तो खाल्ला. एकाच दस्तरखानावर. मेहुण्यांनी ही गोष्ट बायकोला सांगितली होती, मुलीला सांगितली नव्हती. बापांचं असं असतं.

शाळेतली थाळी

आम्ही शिक्षक, म्हणून शाळेतल्या जेवणाबद्दल भाचीला खोदून खोदून विचारलं. ती नववीत. स्वीडनमध्ये शालेय शिक्षणाच्या कायद्याप्रमाणे नऊ इयत्तांच्या प्राथमिक शाळेतल्या प्रत्येक मुलाला दुपारचं जेवण मोफत आणि पौष्टिक मिळायला हवं. श्रीमंताचं मूल आणि निर्वासिताचं मूल एकाच रांगेत ताट धरतं. मांसाच्या शेजारी शाकाहारी पदार्थ असतो आणि मुसलमान मुलं कित्येकदा तिथेच वळतात. भाचीही पहिलीपासून तिथेच वळत आली. म्हणजे तिला मांस न खाण्याची सवय लागली ती आईबापांनी हलालच्या काळजीने लावल्यामुळे. हे ती म्हणाली तेव्हा बहीण म्हणाली, "बघ! दोष माझाच निघाला."

आपल्याकडे पोषण आहारात अंडं द्यावं की केळं यावरून केवढा गदारोळ झाला ते आपल्याला आठवत असेल. आमच्या वर्गातली मुलं मात्र खिचडीची वाट बघतात, वरून काय पडतं याची फार फिकीर न करता.

अम्मींचा स्वयंपाक

दहाएक दिवसांनी अम्मींनी ओटा ताब्यात घेतला. त्या म्हणाल्या, "बाहेरचं खूप झालं. तिला चालेल असं मी करते, फक्त काय चालत नाही ते पुन्हा एकदा सांगा." तिने सांगितलं. अम्मींनी बोटांवर मोजलं आणि मग वालाचं बिरडं झालं, नारळाच्या रसातलं. तांदळाच्या भाकरी झाल्या. कोकमाची सोलकढी झाली. मेच्या अखेरीस तिथे रुबार्ब नावाची लाल देठांची आंबट भाजी मिळते. तिची पानं विषारी, देठ तेवढे खायचे. त्या देठांची अम्मींनी आंबट डाळ केली. आमसूल वाचलं म्हणाल्या. शेवटी सांदणं. तांदळाचा रवा, नारळाचं दूध, साखर, यीस्ट, आणि वाफ. एकाही पदार्थात काही काढावं लागलं नाही, काही बदलावं लागलं नाही.

भाची म्हणाली, "नानी, हे सगळं वीगन आहे!" अम्मी म्हणाल्या, "हे सगळं पावसाळा आहे. बंदर बंद, कोंबडी पाहुण्याला, दूध चहापुरतं. वाल, कुळीथ, नाचणी, कोकम. तुझ्या आईला यावरच वाढवलं." मग थोडं थांबून प्रामाणिकपणे म्हणाल्या, "सुकट असायची बाजूला. ती मी लपवत नाही."

त्या दिवशी मेहुणे जेवायला बसले, आणि भाचीही थाळी उचलून गेली नाही. आमच्या लेखी तो दिवस ईदचाच होता.

सहा जून

खरी ईद ६ जूनला आली. त्या दिवशी शुक्रवार होता आणि तोच स्वीडनचा राष्ट्रीय दिनही होता. बसना निळे-पिवळे झेंडे, रस्त्यावर जुब्बे आणि नवे कपडे, दोन्ही एकदम. माल्मोत १९८४ पासून मोठी मशीद आहे. नमाजीनंतर वेगवेगळ्या देशांचे लोक गळाभेट घेत होते. आपल्याकडे ईद दुसऱ्या दिवशी, शनिवारी होती. मेहुणे कुर्बानीचे पैसे दरवर्षी गावी पाठवतात, तिथे वाटप होतं.

भाची सकाळपासून गप्प होती. दुपारी तिने नानीला विचारलं, "तुम्ही लहान असताना घरी बकरा असायचा?" असायचा. अम्मींनी स्वतःच्या हाताने फणसाची पानं घालून वाढवलेला. नाव होतं त्याचं. "मग?" मग ईदला कापला. "तू खाल्लंस?" अम्मी म्हणाल्या, "खाल्लं. आधी रडले. अब्बा म्हणाले होते, ज्याचं काहीच वाटत नाही ते देण्यात काय आहे?"

भाची म्हणाली, "मी त्या बकऱ्याबद्दल बोलत नाहीये नानी. मी त्या जनावरांबद्दल बोलते ज्यांना कुणी नाव देत नाही. हजारो एका छपराखाली. त्यांच्यासाठी कुणी रडत नाही." अम्मींकडे याचं उत्तर नव्हतं. आमच्याकडेही नव्हतं. शहरात कोंबडीच्या दुकानासमोर रांगेत उभं राहताना आम्ही पिंजऱ्यांकडे बघत नाही, हे खरं आहे. मेहुणे दारात उभे राहून ऐकत होते. ते म्हणाले, "गावी वाटा कुणाकुणाकडे जातो ती यादी आहे माझ्याकडे. बघायची आहे?" तिने बघितली. विधवा, मजूर, एक दर्ग्याजवळचं कुटुंब. वाचून तिने फोन परत दिला आणि म्हणाली, "हे थांबवू नका." पण ती स्वतः खाणार नव्हती. त्या दुपारी दस्तरखानावर एका बाजूला मटण होतं आणि एका बाजूला बिरडं. आम्ही दोघे ठरल्याप्रमाणे बिरड्याच्या बाजूला. ईदच्या दिवशी हे सोपं गेलं असं आम्ही म्हणणार नाही.

मधाची बरणी तोपर्यंत फळीवर न उघडता होती. भाचीने पहिल्या दिवशीच नानीचे हात धरून सांगितलं होतं की ती मध खात नाही. मधात शिफा आहे असं कुरआनात आलं आहे, हे अम्मींनी सांगितलं. तिलाही ते माहीत होतं, सूरह नहल तिची पाठ आहे. अम्मी त्यावर बोलल्या नाहीत, पण बरणीकडे बघणं टाळत. ईदच्या दुसऱ्या दिवशी वाऱ्याने त्यांना खोकला झाला. रात्री पावणेदहापर्यंत उजेड असतो, मगरिब तेव्हाच. नमाज पढून त्या पडल्या होत्या. स्वयंपाकघरात खुडबुड ऐकू आली. भाचीने बरणीचं झाकण पिळून उघडलं, कोमट पाण्यात दोन चमचे मध आणि आलं घातलं, आणि नानीला नेऊन दिलं. चमचा मात्र तिने चाटला नाही, धुऊन ठेवला.

आम्ही दहा तारखेला निघालो. अम्मींच्या बॅगेत कडक पावाचे चार पुडे होते. गावी पोचलो तर मासेमारी बंद, पाऊस लागलेला. अम्मींनी डब्यातले सुके बोंबील काढले, तव्यावर भाजले, कांदा चिरला. आम्ही पहिला घास घेतला आणि सवयीने फोटो काढायला फोन उचलला, घरच्या ग्रुपवर टाकायला.

अम्मी म्हणाल्या, "तिला पाठवू नका हं. उगाच तिला आपल्यासाठी वाईट वाटेल." मग ताटाकडे बघत म्हणाल्या, "सांदणाचा फोटो उद्या पाठवू. रवा भिजत घातलाय."